‘नको’ हेही उत्तरच

आप्पा, तुम्ही माणसाला एकदाच विचारायचात, हे मध्यंतरी वर्गात आठवलं आणि मग डोक्यातून जाईना. कर्जतच्या बाजारात एक गाळा भाड्याने घेऊन मी संगणकाचा वर्ग घेते. कामावरून सुटलेल्या बायका येतात, कॉलेजच्या मुली येतात, पायथन शिकतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हे काय असतं गं? संगणकाने काय करायचं ते पायरीपायरीने लिहून सांगायची ती एक भाषा आहे. समोरच्याने टाकलेलं उत्तर चालण्यासारखं आहे का ते तपासायचं, नसेल तर परत विचारायचं, हा तिच्यातला अगदी सुरुवातीचा धडा. परत परत विचारण्याच्या त्या फेऱ्याला लूप म्हणतात.

खरं तर हा धडा मी शाळेत जायच्या आधीच शिकले होते. भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पहिली पाळी करून आला आहात आणि भिंतीला टेकून मला पाढे विचारता आहात. चुकेल या भीतीने मी तोंडातल्या तोंडात पुटपुटते. तुम्ही रागवत नाही. म्हणता, “कळलं नाय. परत सांग.” वीजकेंद्रातही तुमची हीच रीत होती. फोनवर सूचना आली की ती जशीच्या तशी उलट बोलून दाखवायची, आणि पलीकडून ‘बरोबर’ आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. पण उत्तर एकदा स्पष्ट आलं की तुमचं विचारणं संपलं.

यापायी एकदा मामा आपल्या घरून अर्धपोटी गेला. आपल्याकडे पाहुणा आधी ‘नको नको’ म्हणतो, वाढणारा आग्रह करतो, आणि दोन-तीनदा झालं की पाहुणा ताट पुढे करतो. मामा रीतीप्रमाणे नको म्हणाला आणि तुम्ही भाकऱ्यांची दुरडी उचलून आत नेलीत. आई कळवळली, “अवो, अजून एकदा इचारायचं तरी! पावना लाजतो.” तुम्ही शांतपणे म्हणालात, “नाय म्हनला ना तो? मग मी काय त्याला खोटा पाडू?” मामाने स्टेशनवर वडापाव खाल्ल्याचं नंतर आईला कळलं, तेव्हा ती दोन दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. मी तुम्हाला विचारलं, मग माझे पाढे का परत विचारता? तुम्ही म्हणालात, “कळलं नाय तर परत इचारावं. आवडलं नाय म्हनून नाय.”

तोच मामा हल्ली दर रविवारी मला फोन करायचा. साजगावच्या एका कारखान्यात, ऑफिसात, त्याने माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. मी पहिल्याच फोनला नको म्हटलं. वर्ग अर्ध्यावर आला आहे, तो बंद करावा लागला असता, आणि मला हेच काम करायचं आहे. मामाला वाटलं मी संकोच करते आहे. “अगं, मामाला काय लाजतेस? पक्की नोकरी हाय, कंपनीची बस हाय. असं दारात आलेलं सोडतात का गं?” पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी रात्रंदिवस स्वतःला तपासणारी. माझंच चुकत असेल, आईचा विचार मी करत नसेन, असं वाटायला लागलं. शेवटी मामा म्हणाला की येत्या रविवारी त्याला तिकडे नक्की कळवायचं आहे. फोन थांबावेत एवढ्यासाठी हो म्हणायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात वर्गात मी सोपा सराव दिला. पाहुण्याला विचारा, अजून भाकरी वाढू का? ‘हो’ किंवा ‘नको’ आलं की थांबा, भलतंच काही आलं तर परत विचारा. खालापूरकडून येणारी, नुकतंच लग्न झालेली एक मुलगी सगळ्यात आधी सराव संपवून उठली. मी तिच्या संगणकापुढे बसले आणि ‘नको’ टाकलं. अजून भाकरी वाढू का? ‘नको’. अजून भाकरी वाढू का? तिचा लूप फक्त ‘हो’वरच थांबत होता. सगळ्या भोवती जमून हसत होत्या. मी पुन्हा पुन्हा ‘नको’ टाकलं आणि कंटाळून ‘हो’ टाकलं.

“जेवलात बघा मॅडम!” ती टाळी वाजवत म्हणाली.

“अगं, पण ‘नको’ हेही उत्तरच आहे ना?”

“पयल्या झटक्यात कोन हो म्हनतं? आमच्यात तर सासू ताटावर आडवा हात धरते, तरी वाढायचंच.”

मीही हसले. पण नजर त्या ‘हो’वरच राहिली होती. भूक नसताना, निव्वळ सुटायला मी ते टाकलं होतं. मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या लूपची थांबायची अट बदलली. पुन्हा चालवलं, ‘नको’ टाकलं, आणि प्रोग्रॅम गुपचूप थांबला. “लई कोरडा पावनचार झाला हा,” ती म्हणाली.

रविवारी मामाचा फोन आला. मी म्हटलं, “मामा, तू काय विचारतोस ते मला नीट कळलंय. मी लाजत नाहीये. मला ती नोकरी नको.” शब्द स्पष्ट आले. मग मामा म्हणाला, “बरं. ऱ्हायलं. आईला दे फोन.”

आज पुढचा रविवार. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. सकाळपासून मी फोन हाताशी घेऊन बसले आहे. ताटावरच्या पाहुण्यासारखं, मामाने अजून एकदा विचारावं असं वाटतंय. उत्तर मी तेच देईन. बहुतेक.