बांगडे आले की नेतो

३ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. या महिन्यात धक्क्यावर बांगडे येणार आहेत आणि मी ते धरणार आहे. अशा गोष्टींची नोंद राहिली पाहिजे.

पार्श्वभूमी थोडक्यात. सासरेबुवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आलेत. येताना दोन बॅगा आणि मासे धरायचा एक रॉड घेऊन आले. रॉड जुना आहे, पण काय वस्तू आहे. रीळ फिरवलं की नुसतं लोण्यासारखं चालतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे सासरेबुवा वर आणि समुद्र खाली. खिडकीतून दोन बिल्डिंगांच्या मधोमध टॉवेलाएवढा समुद्र दिसतो. तिथे खुर्ची टाकून ते दिवसभर बसतात. चोवीस तारखेला मेहुणा त्यांना न्यायला येतोय. त्याचं घर तळमजल्यावर आहे, सोयीचं आहे, पण तिथून समुद्र बघायचा तर एक दिवस ट्रेनमध्ये काढावा लागतो.

आज जेवताना म्हणाले, जायच्या आधी एकदा मला खाली धक्क्यावर बसवा. एकदाच गळ टाकतो, मग कुठेही न्या.

मी शब्द दिला. म्हटलं, बांगडे आले की नेतो. उगाच रिकाम्या पाण्यासाठी म्हाताऱ्या माणसाला तीन जिने उतरवायचं म्हणजे काय. ही म्हणाली, अहो, पाणी रिकामं असलं तरी चालेल त्यांना. हिला प्लॅनिंग कळत नाही.

उद्यापासून ऑफिस सुटलं की मी धक्क्यावर पहारा देणार. रॉड अर्थातच बरोबर नेणार.

४ ऑक्टोबर
पहिला दिवस. बांगडे नाहीत.

धक्क्यावर रोजची मंडळी आहेत. एक शिंपी आहे, त्याचं दुकान तिथून जवळच. एक नर्सबाई आहेत, ड्यूटी संपवून थेट येतात. बाकीचे येऊन-जाऊन. सगळे एका दोरीला पाच-सहा गळ बांधतात, प्रत्येकाला पिसाचा तुकडा. बांगड्याला ते छोटे मासे वाटतात. मला हे काहीच माहीत नव्हतं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

घरी आल्यावर सासरेबुवांना सहज विचारल्यासारखं सगळं विचारून घेतलं. ते खूश झाले. तासभर सांगत होते. दोरी जड शिशानं खाली सोडायची, मग रॉड सावकाश उचलायचा, सावकाश सोडायचा. पाण्यावर कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालायला लागले की समजायचं, खाली झुंड आहे. घरबसल्या त्यांचाही वेळ बरा गेला. एका दगडात दोन पक्षी.

६ ऑक्टोबर
बांगडे नाहीत. मात्र आज माझा धक्क्यावर जम बसला. शिंप्याला सहज म्हटलं, घाई करताय तुम्ही, सावकाश उचला, सावकाश सोडा. तो म्हणाला, बरोबर आहे. मग कुरव पक्ष्यांचं सांगितलं. नर्सबाई रॉड बाजूला ठेवून ऐकत होत्या. निघताना शिंपी म्हणाला, या सर, उद्या.

ऑफिसात गेली कित्येक वर्षं मला कोणी सर म्हटलेलं नाही.

९ ऑक्टोबर
बांगडे नाहीत. सासरेबुवा रोज रात्री जेवताना विचारतात, काय म्हणतोय धक्का. मी म्हणतो, अजून नाही. ते म्हणतात, हरकत नाही, येतील.

पहिल्या मजल्यावर एक जिमवाला राहतो, दंड म्हणजे माझ्या मांडीएवढे. तो आज जिन्यात भेटला. म्हणाला, काका, आजोबांना कधी खाली न्यायचंय ते सांगा, खुर्चीसकट उचलतो. मी म्हटलं, कळवतो. तो म्हणाला, उद्या? मी म्हटलं, उद्या वारा आहे. वारा असेलच असं नाही, पण असू शकतो.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, कारण हे कोणी वाचणार नाही. सासरेबुवा धक्क्यावर आले की बोलणार. मी जे बोललो तेच बोलणार, आणि जास्त नीट बोलणार. त्यांच्यासाठीच वाईट वाटतं, नवख्या लोकांत म्हातारा माणूस गोंधळतो.

११ ऑक्टोबर
शिंप्यानं आज रॉड हातात घेऊन बघितला. म्हणाला, सर, जुना दिसतोय. मी म्हटलं, घरातलाच आहे. इथपर्यंत खरं होतं. मग तो म्हणाला, किती वर्षं वापरताय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तीस. माणूस बोलायला लागला की बोलत जातो.

येताना जरा अपराधी वाटत होतं. घरी आलो तर सासरेबुवांनी माझ्यासाठी नवीन पिसं बांधून ठेवली होती. चष्मा नाकाच्या टोकावर आणून दुपारभर तेच करत होते, असं ही म्हणाली. गाठी बारीक आणि सगळ्या सारख्या. मी थँक यू म्हटलं. आमच्यात कधी कोणी थँक यू म्हणत नाही. ते चमकून बघायला लागले.

निश्चय: रविवारी त्यांना न्यायचंच. बांगडे येवोत न येवोत.

१३ ऑक्टोबर, रविवार
नेलं नाही. सकाळी ढग होते. दुपारी नव्हते, पण दुपारी ऊन होतं. संध्याकाळी जिमवाला घरी नव्हता. निदान नसावा. खाली जाऊन बघितलं नाही, कारण असता तर पंचाईत झाली असती.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. सासरेबुवा मात्र नेहमीसारखे बोलले. हिचा अबोला चालून गेला, त्यांचं बोलणं जास्त लागलं.

१४ ऑक्टोबर
अनर्थ.

धक्क्यावरून घरी यायला टॅक्सी केली. चालत पंधरा मिनिटांवर आहे, पण सरांनी चालत जाणं बरं दिसत नाही. टॅक्सीचं दार लावलं. रॉडचा शेंडा दारात राहिला होता. टक्क असा आवाज झाला. टॅक्सीवाला म्हणाला, काय तुटलं? मी म्हटलं, काही नाही.

तुटलेला शेंडा खिशात घालून जिना चढलो. रॉड त्याआधीच तळमजल्यावर विजेच्या मीटरच्या मागे उभा केला होता. वर सासरेबुवा म्हणाले, रॉड आणा इकडे, रिळाला तेल घालतो. मी म्हटलं, रोज तीन जिने कुठे चढ-उतार करायचे, शिंप्याच्या दुकानात ठेवून आलो. ते म्हणाले, हे चांगलं केलंत, खारं पाणी मात्र पुसून ठेवत जा.

खाई त्याला खवखवे म्हणतात. दोन पोळ्या कमी गेल्या.

१५ ऑक्टोबर
अर्धी रजा टाकून रॉड शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुरुस्तीवाल्याकडे दिला. जवळही एक आहे, पण जवळच्या लोकांना प्रश्न फार. हा म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा. तेल घातलेलं रीळ बघून म्हणाला, कोणीतरी जिवापाड सांभाळलाय हो. मी म्हटलं, हो, मी.

संध्याकाळी रिकाम्या हातानं धक्क्यावर. शिंप्याला सांगितलं, आठवडाभर मी फक्त निरीक्षण करणार आहे. तो इतरांना म्हणाला, बघा, याला म्हणतात अभ्यास.

१७ ऑक्टोबर
बांगडे नाहीत. देवा, शुक्रवारपर्यंत येऊ नयेत. इतके दिवस या म्हणत होतो, आता येऊ नका म्हणतोय.

निश्चय, पक्का: शुक्रवारी रॉड हातात येणार. शनिवारी सकाळी जिमवाल्याला स्वतः जाऊन सांगणार. शनिवारी संध्याकाळी सासरेबुवा धक्क्यावर. धक्क्यावरच्यांना काय सांगायचं ते शनिवारी बघू. हिला आजच सांगून टाकलं. ही म्हणाली, बघू. पण चहाबरोबर बिस्किटं दिली, म्हणजे थोडी विरघळली आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
क्रमानं लिहितो.

ऑफिसातून लवकर निघताना घरी फोन केला की धक्क्यावर जातोय, आणि दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याचं काम झालं नव्हतं. म्हणाला, शेंड्याचा गोंद ओला आहे, बसा थोडं. बसलो. शेजारी बेकरी होती, तिथे दोन पेस्ट्री खाल्ल्या. फोन सायलेंटवर टाकला होता. घरून फोन आला असता तर मागे समुद्राऐवजी दुरुस्तीवाल्याचं मशीन ऐकू गेलं असतं. अशा बाबतीत मी फार बारकाईनं विचार करतो.

रॉड घेऊन बाहेर पडल्यावर फोन बघितला. हिचे फोन, पुन्हा हिचे, मध्ये सासरेबुवांचे, मग शिंप्याचा.

घरी कुलूप. धक्क्यावर पोचलो तेव्हा उजेड जात आला होता. कठडा ओला, जिकडेतिकडे खवले चिकटलेले. प्रत्येकाची बादली भरलेली. मधोमध आमची जेवणाची खुर्ची, त्यात सासरेबुवा, अंगावर शाल, दोन्ही हात मांडीवर. शेजारी ही आणि जिमवाला.

हिनं सांगितलं ते असं. चारनंतर सासरेबुवांना खिडकीतून कुरव दिसले. आमच्या टॉवेलाएवढ्या समुद्रावर, एका जागी घिरट्या घालत. त्यांनी मला फोन लावला. मग म्हणाले, उचलत नाहीत म्हणजे हात गुंतलेत, मासे लागलेत, मला न्या. जिमवाल्यानं खुर्ची उचलली. धक्क्यावर मी नव्हतो. झुंड अगदी कठड्याखाली होती, पाणी काळं दिसत होतं, लोक दोरी टाकली की पाच-पाच काढत होते. शिंप्यानं आपला रॉड पुढे केला. नर्सबाईंनी आपला दिला. दोघांना सासरेबुवा नको म्हणाले. म्हणाले, आमचे जावई माझा घेऊन येतीलच एवढ्यात.

ते बघत बसले. मासे गेले तरी बसून होते.

मी कागदात गुंडाळलेला रॉड घेऊन उभा. शिंपी म्हणाला, काय सर, आजच्याच दिवशी तुमचा तीस वर्षांचा रॉड कुठे होता? सासरेबुवांनी कागद बाजूला केला, नवा शेंडा बोटानं चाचपला. मग शिंप्याला म्हणाले, दुरुस्तीला दिला होता. मीच पाठवलं होतं यांना.

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

१९ ऑक्टोबर
ठरल्याप्रमाणे आज न्यायचं होतं. काल ताटकळत बसून सासरेबुवांचा गुडघा सुजलाय. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता जिना एकदाच, चोवीस तारखेला गाडीत बसायला.

तशी चूक कोणाचीच नाही. दुरुस्तीवाल्यानं गोंद वेळेवर लावायला हवा होता. टॅक्सीवाल्यानं दार बघायला हवं होतं. असं सकाळपासून तीन-चार वेळा लिहून खोडलं.

दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. सगळं सांगायचं म्हणून गेलो होतो. ते म्हणाले, बोला. मी विचारलं, बर्फ आणू का गुडघ्याला? ते म्हणाले, आणा.

२२ ऑक्टोबर
धक्क्यावर गेलो नाही. कालही नाही. शिंप्याचा फोन आला की आजोबा कसे आहेत. सर कसे आहेत, असं विचारलं नाही.

हिनं सासरेबुवांच्या बॅगा भरल्या. रॉड भरायला घेतला तर ते म्हणाले, तो राहू दे, यांच्याकडे. तिकडे काय करायचाय. ही स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी रॉड पुसत बसलो. तो आधीच पुसलेला होता.

२४ ऑक्टोबर
सकाळी गेले. मेहुणा आणि जिमवाला यांनी उतरवलं, मी उशी धरली होती. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. ते म्हणाले, हो तर. मेहुणा म्हणाला, पुढच्या वर्षी काय? ते म्हणाले, काही नाही, आमचं आपलं.

गाडी गेल्यावर ही वर गेली. मी खाली मीटरपाशी उभा होतो.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ
धक्क्यावर बसूनच लिहितोय.

शिंप्याचा फोन आला की परत आलेत, या लवकर. आलो. सासरेबुवांनी बांधलेली पिसं लावली, दोरी सोडली, सावकाश उचलली आणि रॉड असा वाकला की मी दोन पावलं पुढे गेलो. बांगडे. प्रत्येक गळाला एक. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. आयुष्यात पहिल्यांदा. बादली बघता बघता भरली. हसू येत होतं, ते कोणाकडे बघून हसायचं कळेना.

तेवढ्यात त्यांचाच फोन. म्हणाले, पोचलो नीट, गुडघा ठीक आहे, घर छान आहे. मग विचारलं, धक्क्यावर आहात? मी म्हटलं, हो. म्हणाले, काय म्हणतोय, लागलं काही?

इतके दिवस मी थापाच मारत होतो. आज पहिल्यांदा खरं बोललो असतो तर शोभलं असतं. मी म्हटलं, नाही हो, एकही नाही. पाणी रिकामं आहे.

माझ्यामागे शिंपी ओरडत होता की डावीकडे टाका, डावीकडे. नर्सबाई हसत होत्या. वर कुरवांचा नुसता गलका.

ते म्हणाले, असू दे. मीही पहिली दोन वर्षं रिकामाच घरी यायचो. आणि म्हणाले, फोन बंद नका करू. जरा कठड्यावर ठेवा, मी नुसता ऐकतो.

ठेवलाय. अजून चालू आहे. बादलीतले बांगडे फडफडतायत, ते ऐकू जाऊ नये म्हणून मी शर्ट काढून बादलीवर टाकला. तरी आवाज येतोच आहे.