तळाला भोक नसलेला पाव

४ जून

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं असेल. खोक्यातून निघेल ते पाव करायचं यंत्र आहे. बाबा त्याला बादली म्हणतील, म्हणू देत. डॉक्टरांनी त्यांना बेकरीतलं काम सोडायला लावून तीन महिने झाले. पिठाची धूळ छातीत जाऊन दमा झाला, हे त्यांना पटलंय की नाही देव जाणे; पण विकतचा पाव ते तोंडात घालत नाहीत, हे तू लिहिलंसच. म्हणून हा उपाय. बाबा मला मास्तरीण म्हणतात ते उगीच नाही, आता नीट वाच.

आधी पाणी, मग मैदा, एका कोपऱ्यात मीठ आणि वर खळगा करून यीस्ट. मिठाला यीस्ट लागू द्यायचं नाही. झाकण लावून बटण दाबलं की मळणं, फुगणं, भाजणं सगळं आतल्या आत होतं, धूळ उडत नाही. मैदा तूच घाल. तेवढा वेळ बाबांना दुसऱ्या खोलीत बसव. पाव झाला की तळाशी आतलं पातं अडकलेलं दिसेल, ते काढून घे, नाहीतर बाबांचा दात जाईल आणि यंत्राला शिव्या बसतील.

इथे प्रयोगशाळेत दिवसभर पाण्याचे नमुने तपासते. कुठलं पाणी प्यायचं नाही ते गावाला सांगते, आणि स्वतःच्या घरात धूळ थांबवता येत नाही, याची लाज वाटते.

तुझा लोभ आहेच, त्यात बाबांचाही मिसळून पाठव.
तुझी मास्तरीण

२१ जून

चि. मास्तरणीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी बादली रोज चालते. पहिला पाव दगड झाला, दुसरा झाकणाला जाऊन चिकटला, तिसरा माणसात आला. मळताना ते यंत्र ओट्यावरून पुढे पुढे सरकतं, म्हणून पुढ्यात पाटा लावून ठेवलाय. बाबांनी एकदा झाकण उघडून आत बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, हिला घाई फार आहे. मी म्हटलं, लेकीवर गेली आहे.

त्यांची तब्येत ठीक म्हणायची. पहाटे फिरायला जातात, नऊपर्यंत येतात. खोकला आहे थोडा. सदरे मात्र रोज धुवावे लागतात, उकाडाच तसा आहे. शेजारचे ड्रायव्हरदादा तुझ्या गावाची बस घेऊन निघालेत, त्यांच्याबरोबर एक पाव पाठवते. बाबांनी स्वतः फडक्यात बांधून दिलाय. वेळेवर जेवत जा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई

२ जुलै

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाव मिळाला. इतका चांगला पाव मी वर्षभरात खाल्ला नव्हता. अर्धा संपल्यावर उलटा करून पाहिला. यंत्रातल्या प्रत्येक पावाला तळाशी पात्याचं भोक पडतं. याला नव्हतं. हा हातानं मळलेला आणि भट्टीत भाजलेला आहे. आई, बाबा फिरायला जात नाहीत, बेकरीत जातात. आणि तू रोज त्यांच्या सदऱ्यावरचा मैदा धुतेस.

तुझ्यावर रागावणार होते, पण तुला काय बोलू? त्यांच्यापुढे तुझं कधी चाललंय? म्हणून मी बेकरीच्या मालकांनाच सविस्तर पत्र लिहिलं. डॉक्टरांचं म्हणणं कळवलं, बाबांना आत घेऊ नका म्हणून बजावलं. भाषा कडक झाली, पण जिवाशी गाठ आहे. बाबांना विचारलं नाही, कारण ते नाहीच म्हणाले असते.

राग आला तरी आशीर्वाद चालू ठेव.
तुझी मास्तरीण

१५ जुलै

चि. मास्तरणीस आशीर्वाद.

मी चौथी शिकलेला, पत्र लिहायला तीन दिवस लागले. चुका लाल शाईनं काढू नकोस.

तुझं पत्र बेकरीत आलं तेव्हा मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. रोज तिथेच बसायचो. नवे कारागीर मळलेल्या पिठाची पाटी माझ्यापुढे आणायचे, मी बोट दाबून सांगायचो, फुगलंय की अजून थांबा. एवढंच काम. दोनदा मैदा चाळला, खोटं कशाला बोलू. आणि तुला पाठवलेला पाव मीच मळला. त्या दिवशी खोकलो खूप.

मालकांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी पत्र गल्ल्यावरच्या बाईंना मोठ्यानं वाचायला सांगितलं. 'माझ्या वडिलांना शिक्षण नसल्याने धोका कळत नाही' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, कारण मिक्सर चालू होता. अक्षर छान आहे असं सगळे म्हणाले. मग मालकांनी माझी खुर्ची उचलून आत ठेवली आणि मला घरी जायला सांगितलं.

धोका मला कळत होता. तुला कळण्याआधीपासून रात्री उशाला तोच असायचा. पण तीस वर्षं ज्या हाताला लोकांनी विचारलं, त्याला एकदम कुणी विचारेनासं झालं, हे तुला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

आता घरीच असतो. खोकला कमी आहे. तू विचारशील म्हणून लिहिलं.
तुझे बाबा

२० जुलै

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चार कागद फाडले. हा पाचवा.

मालकांना दुसरं पत्र लिहिलंय. ते अजून टाकलं नाही, सोबत तुमच्याकडे पाठवते आहे. त्यात तीनच ओळी आहेत: 'आधीच्या पत्रातलं एक वाक्य खोटं होतं. माझ्या वडिलांना धोका कळत होता, मला माझे वडील कळले नव्हते. हे पत्रही सगळ्यांसमोर वाचावं.' यातलं काही खोडायचं असेल तर खोडा. पाठवायचं की चुलीत घालायचं, तेही तुम्हीच ठरवा.

बेकरीत तुम्ही जाऊ नये असं मला आजही वाटतं, दाराशी बसायलासुद्धा. तुमचा श्वास मला हवा आहे. पण यापुढे हे मी तुम्हाला सांगेन, तुमच्याबद्दल दुसऱ्याला नाही. तुम्ही नाही म्हणालात तर भांडेन, तेही तुमच्याशीच.

शनिवारी येते. दार उघडाल ना?
तुमची लेक