सुमनची झोप

१४ मे १९८४, सोमवार. संध्याकाळ.

धाकटी जाऊ सुमन पाळी आली म्हणून कालपासून बाहेर बसलीय. चार दिवस कशाला शिवायचं नाही. मागच्या पडवीत चटई, हातात मासिक, आणि दुपारी तोंड उघडं टाकून ढाराढूर झोप. मी मात्र आंब्याचा रस आटवायचा, सुट्टीला आलेले मुंबईकर धरून बारा पानं वाढायची, वर हिचंही ताट नेऊन द्यायचं. ते उघडं तोंड पाहिलं की अंगाचा तिळपापड होतो.

आज सकाळी सासूबाईंना बेधडक सांगितलं, "मीपण बाहेरची झाले." माझी तारीख अजून आठ दिवस लांब आहे.

सुमनने हसून अर्धी चटई दिली आणि पाच मिनिटांत झोपली. मी वाशांकडे बघत पडले. कान स्वयंपाकघरात. रस ढवळायचा आवाज थांबला का? शेवटी राहवेना. ओरडले, "आई, खाली लागेल हो!"

सुमन जागी झाली. "वहिनी, पडा की गप. घर काय पळून जातंय?" कूस बदलली आणि पुन्हा तोंड उघडं.

हिला जमतं ते मला का नाही?

रस करपलाच. वास पडवीपर्यंत आला. माझा दिवसभरात डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि आत्ता लिहिताना लक्षात येतंय, आठ दिवसांनी खरी येईल तेव्हा कुणाला काय सांगू? नैवेद्यसुद्धा माझ्याच हातचा, आणि कंबर धरून चारही दिवस चुलीपाशी मीच. सुमन तेव्हाही झोपेल. तोंड उघडं टाकून.