खालचा लेयर

प्रिय देवू,

घरी एकलहऱ्याला फोन केला की आई स्पीकर लावते, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. पाकीट सुवर्णामावशीच्या हाती देते. एकट्याने वाच आणि तोंडावर काही दिसू देऊ नकोस. तुझ्या नोकरीचे पेढे आईने कॉलनीभर वाटूनही झाले असतील.

तुला वाटतं, ताई इंदिरानगरच्या त्या स्टुडिओत बसून कार्टून काढते. काढतेही. पण आमचं पोट भरतं ते सातपूरच्या कारखान्यांच्या ट्रेनिंग फिल्मवर. त्यात माझ्याकडे मास्किंगचं काम असतं. आई रांगोळीचा छाप ठेवते ना, भोकांतून पडेल तेवढीच रांगोळी जमिनीवर उमटते? तसंच. खालच्या लेयरवर खरा व्हिडिओ, वरच्यावर आपण केलेलं चित्र, आणि ते चित्र कुठे दिसायचं ते मास्क ठरवतो. खालचं काहीच पुसलं जात नाही. नुसतं झाकलं जातं.

दिवाळीआधी एका कंपनीची क्लिप आली, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनची. आमचे शेखर सर म्हणाले, जरा स्वच्छ करून दे. हात आत जाऊ नये म्हणून मशीनपुढे लावतात ती जाळी नव्हती. ती मागे भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि तिच्यावर कुणाचा तरी रुमाल वाळत टाकलेला. मी ती भिंत झाकली आणि मशीनपुढे पिवळी जाळी काढली. इतकी हुबेहूब जमली की स्वतःवरच खूश झाले. मग एकेक फ्रेम पुढे सरकवताना पत्रा आत सारणारा हात दिसला. डावा होता. त्याची दोन बोटं अर्धीच होती. सरांना दाखवलं, तर म्हणाले, तेही झाक. मी पुढे काही विचारलं नाही, देवू. त्याची मला फार लाज वाटते.

मी काढलेली बोटं काही खरी वाटेनात. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तुला डायनिंग टेबलाशी बसवलं होतं, आठवतं? स्टीलचं ताट पुन्हा पुन्हा पुढे सारायला लावलं. कुरतडलेल्या नखांवरून चिडवलं, नेलकटर हातात दिलं. सरावासाठी शूट करते म्हणाले, ते खोटं होतं. तुझा हात मनगटापासून कापून त्या माणसाच्या हातावर बसवला. आमच्यात असंच म्हणतात, कापून. तेव्हा तो शब्द मला टोचला नव्हता.

परवा तुझा फोन आला. मुलाखतीनंतर कंपनीने फिल्म दाखवली, तुला मिळणार तेच मशीन, त्याला मस्त पिवळी जाळी आहे, आईने उगाच जीव टांगणीला लावू नये, असं तू एका दमात सांगितलंस. शिवाय फिल्ममधला कामगारही तुझ्यासारखाच डावखुरा. आई खळखळून हसली. मी रेंज नाही असं खोटंच सांगून फोन ठेवला.

पाकिटात पेनड्राइव्ह आहे. वरचे सगळे लेयर बंद केले की जे उरतं, ते त्यात आहे. आधी तू बघ, मग बाबांना दाखव. उद्या सकाळी मी तीच क्लिप कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात देणार आहे. माझी नोकरी जायची तर जाऊ दे. पण तू सोमवारी तिथे रुजू होऊ नकोस, तुझ्या पाया पडते. त्या मशीनखाली तुझा हात मी एकदा ठेवून बसले आहे.

तुझीच,
मृण्मयीताई