डिंपलची पकड

१८ नोव्हेंबर
हरलो. भंडाऱ्यात, कॉलेजांच्या कबड्डीच्या फायनलला, एका गुणाने. आणि हातात आलेली मॅच!

नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल. आम्ही एका गुणाने पुढे होतो. शेवटची चढाई त्यांची. त्याआधीच्या त्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, म्हणजे ही तिसरी. तिसऱ्या चढाईत गुण आणला नाही तर चढाई करणारी आपोआप बाद. आमच्या पोरींनी फक्त मागे सरकून उभं राहायचं होतं. हात बांधून उभ्या राहिल्या असत्या तरी जिंकलो असतो.

आणि डिंपलने डाव्या कोपऱ्यातून झेप घेऊन तिचा घोटा धरला. कॅप्टन हर्षा मदतीला धावली. धावणारच — एकीने धरलं की दुसरीने जायचंच, हे मीच त्यांच्याकडून घोटून घेतलंय. त्यांची पोरगी दांडगी. दोघींना फरफटत नेलं आणि मध्यरेषेवर हात टेकला. दोन गुण त्यांना. संपलं.

टाइमआउट शिल्लक होता. मी मागितला नाही. वाटलं, एवढं तर कळतंच पोरींना.

परतताना गाडीत टेकचंद सर एवढंच बोलले, "एका पोरीनं कॉलेज बुडवलं." डिंपल मागच्याच सीटवर होती. खिडकीबाहेर बघत राहिली.

१९ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही. आई म्हणते, "खेळच होय ना बाई, कायले जीव जाळते?" हो. खेळच आहे.

२० नोव्हेंबर
प्राचार्यांच्या खोलीत सगळ्यांची हजेरी. पोरी भिंतीला लागून उभ्या, आम्ही खुर्च्यांवर.

टेकचंद सर क्रीडा विभागाचे प्रमुख. चढाई ते शिकवतात, पकड माझ्याकडे. मी तासिकेवरची. जिंकलो की चढाईमुळे, हरलो की पकडीमुळे, हा आमच्याकडचा कायदाच आहे. सर म्हणाले, "शिस्त नाही. सांगितलेलं ऐकत नाहीत." प्राचार्य माझ्याकडे वळले. "मॅडम, तिसऱ्या चढाईचं तुम्ही सांगितलं होतं ना यांना?"

मी म्हणाले, "हो सर."

खोटं नव्हतं ते. सांगितलं होतं — पावसाळ्यात, स्टँडवर गाडीची वाट बघताना, चिवडा खाता खाता. मैदानावर एकदाही करून घेतलं नव्हतं. हे दुसरं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. पुढच्या सत्राच्या नेमणुका व्हायच्या आहेत. तेवढंच होतं मनात. लाज वाटते लिहायला.

विद्यापीठाच्या निवड चाचणीला जाणाऱ्यांतून डिंपलचं नाव काढलं. ती शेवटच्या वर्षाला आहे. पुन्हा चाचणी नाही. विद्यापीठाकडून खेळली असती तर उद्या पोलीस भरतीत त्याचा उपयोग झाला असता. ती दोन वर्षं त्याच आशेवर पळतेय.

"काही म्हणायचं आहे?" प्राचार्यांनी तिला विचारलं.

"नाई जी."

२१ नोव्हेंबर
डिंपल सरावाला आली नाही. तिची जागा मोकळीच ठेवून खेळल्या पोरी.

२२ नोव्हेंबर
हर्षा थांबली होती माझ्यासाठी. डिंपल दिघोरीला घरी गेलीय म्हणाली. तिचे वडील घनश्याम म्हणजे एके काळचे पकडीचे खेळाडू, आजूबाजूच्या गावांत नाव. फायनल बघायला धानाची कापणी सोडून आले होते. "आता बोलूनच नाई राहिले तिच्याशी," हर्षा म्हणाली. "तिची माय, केशरकाकू, मधात पडल्या तर त्यायच्यावरही चिडले."

मग जरा थांबून, "मॅडम, मी बी तर धरली होती. मले काहून कोणी काही म्हणून नाई राहिलं?"

मी म्हणाले, जा घरी, अंधार पडेल.

२३ नोव्हेंबर
कोंढ्याकडच्या एका गावात मंडई होती, आई ओढून घेऊन गेली. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई — पाळणे, दंडारीची नाचगाणी, नाटकाचे पडदे. आणि मातीतली कबड्डी. दुसरं काही बघायचं नव्हतं, तिथे जाऊन उभी राहिले.

इथे तिसरी चढाई वगैरे काही नाही. पकड केली की माईकवर नाव पुकारतात, पोरं शिट्ट्या मारतात. एका कोपऱ्यातल्या पोराने चढाई करणाऱ्याला तसंच जाऊ दिलं, तर मागून म्हातारा ओरडला, "बांगड्या भरल्या का बे?" सगळे हसले. पोरगा लाल झाला. पुढच्या चढाईला तो अंगावर गेला, बाद झाला, आणि टाळ्या मिळाल्या. बाद होऊन टाळ्या!

माझ्या सगळ्या पोरी या मातीतून आलेल्या. मीही. सोडणं म्हणजे भ्याडपणा, हे आमच्या हाडात आहे. ते मोडायचं काम माझं होतं. मी तर "धर, धर" म्हणत आणखी पक्कं केलं.

२४ नोव्हेंबर
आज सरावात फक्त सोडणं. चढाईला एक पोरगी, बाकीच्यांनी कोणीही धरायचं नाही. एवढंच. जमेना! हात आपोआप जातात. कामिनीने तर धरलं आणि मग जीभ चावली. हसायला लागल्या सगळ्या, मीही हसले. मग अंधार पडेपर्यंत जमायला लागलं. फार अवघड नव्हतं. एका संध्याकाळचं काम होतं.

घरी येताना रडू आलं, सायकलवरच.

२५ नोव्हेंबर
प्राचार्यांना भेटले. टेकचंद सरांना मुद्दाम बोलावून घ्यायला लावलं. मी म्हणाले, पोरीची चूक नाही. तिला हे कधी शिकवलंच नाही. पकड माझ्याकडे आहे, चूक माझी आहे.

सर टेबलावरच्या काचेकडे बघत होते. प्राचार्य म्हणाले, "त्या दिवशी तर हो म्हणालात." मी म्हणाले, त्या दिवशी घाबरले होते. मग डिंपलचं नाव पुन्हा यादीत घ्यायचं ठरलं. मी उठले तेव्हा प्राचार्य हळूच म्हणाले, "पुढच्या सत्राचं आपण बघू, मॅडम." बघू म्हणजे काय ते कळण्याइतकी वर्षं इथे काढली आहेत.

तरी हलकं वाटलं. बऱ्याच दिवसांनी भाकरी गोड लागली.

२६ नोव्हेंबर
दिघोरीला गेले. घनश्यामभाऊ अंगणात कापलेल्या धानाच्या भाऱ्या रचत होते. केशरबाईंनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं — नाव परत आलंय, शनिवारी चाचणी आहे, चूक माझी होती, पोरीची नाही.

घनश्यामभाऊंनी हातातली भारी खाली ठेवली. चेहराच बदलला माणसाचा. "म्हंजे तिले कोणी सांगतलंच नोतं? मंग पोरगी का करंन जी?" शेजारचा धनीराम बांधावरून जात होता, त्यालाही हाक मारून सांगितलं. "मास्तरणीचीच चुकी होती गा, आपल्या पोरीची नाई." मला झोंबलं. पण त्यासाठीच तर आले होते.

डिंपल दारात उभी होती. आनंदेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे एकटक बघत होती आणि तिच्या डोळ्यांत राग होता. लाजली असेल, वडिलांसमोर. मी म्हणाले, उद्यापासून सरावाला ये. तिने मान हलवली.

२७ नोव्हेंबर
आली सरावाला. सोडणं तिला पहिल्याच वेळी जमलं. बाकीच्यांना एक संध्याकाळ लागली, हिने एकदाही हात पुढे केला नाही. हर्षा म्हणाली, "पाहा मॅडम, हिले तर येतेच." मी शाबासकी दिली. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

२८ नोव्हेंबर
डिंपल घरी आली होती. चप्पल काढली नाही, आत आली नाही. प्राचार्यांना सांगून आली, माझं नाव काढा, मी चाचणीला जात नाही. मी ओरडलेच तिच्यावर.

ती शांतपणे म्हणाली, "मले माहीत होतं मॅडम, तिसरी हाये म्हून. सोडली तर जिंकतो, हे बी माहीत होतं. पण मले धरून जिंकायचं होतं. आता अख्खं गाव म्हणते, बिचारीले येतच नोतं." मग पायरी उतरता उतरता वळली. "सगळ्यायनं ठरवलं. तुमी तरी मले एकदा इचारलं का, काहून धरली म्हून?"

नाही विचारलं.