होडीचा स्क्रू आणि साइमीची चिप

मी, ओइवा लेहतोला, वय एकाहत्तर, राहणार एस्पो, फिनलंड, विद्यापीठाच्या तळघरात जन्मलेल्या 'रोउता क्वांटम' या कंपनीचा पहिला तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही.

१. तळ्याकाठचं घर, सौना म्हणजे वाफेची न्हाणी, आणि होडी बहीण आइनिक्की हिला. तिच्या नवऱ्याने सौनात खुशाल बसावं, फक्त तोंड उघडू नये.

२. भांडी घासायचा माझा ब्रश आमचे संचालक प्राध्यापक हेइमो यांस. अख्ख्या फिनलंडच्या हिवाळ्याला लाजवेल इतकं थंड क्वांटम संगणकाचं यंत्र या माणसाने बांधलं, पण स्वतःचा कॉफीचा कप अकरा वर्षांत एकदाही धुतला नाही.

३. माझी हत्यारं कार्यशाळेला. दोऱ्याला बांधलेलं चुंबकही त्यांतच आहे. यंत्राच्या तळाशी टांगलेल्या चिपला चुंबकत्वाचं भारी वावडं. जवळ लोखंड असलं की ती लक्षात ठेवलेलं विसरते. म्हणून प्रत्येक स्क्रू आधी या चुंबकाजवळ धरायचा. चुंबक हललं की स्क्रू बाद. हा नियम मीच केला.

४. आणि मीच मोडला. पहिलं यंत्र जोडताना पितळी स्क्रू कपाटाखाली घरंगळला. कॉफी निवत होती. मी खिशातला होडीचा लोखंडी स्क्रू लावून मोकळा झालो. पुढे तीन महिने चिप विसरत राहिली आणि खापर फुटलं ती बनवणाऱ्या साइमी तुओमालावर.

हेइमो सगळ्यांदेखत म्हणाला, "साइमी, तुझ्या चिपपेक्षा माझ्या आजीला जास्त आठवतं!"

"पुन्हा करते," एवढंच ती म्हणाली. चार वेळा केली. मग कंपनी सोडून गेली. आता चष्मे विकते.

ती गेल्यावर यंत्र उघडलं, तेव्हा तो स्क्रू मला दिसला. मी तो खिशात घातला आणि गप्प बसलो. पुढे तिचीच चिप चालली, आणि शोधनिबंधावर नाव माझं लागलं, तिचं नाही. मला याची लाज वाटते.

५. सबब कंपनीतले माझे सगळे समभाग साइमीला. कलम चार हेइमोने सगळ्या कंपनीसमोर मोठ्याने वाचावं. खोकल्याचं निमित्त चालणार नाही.

६. सहीआधी घडलेलं नोंदवतो. आज साइमीला बोलावून हे वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं.

"सहा वर्षं मला वाटत होतं, माझ्या हातातच खोट आहे," ती म्हणाली. "गाढवा, एक फोन करायचा होतास."

"धीर झाला नाही."

मृत्युपत्रासाठी आलेल्या वकीलबाईंना तिने विचारलं, "साक्षीदाराने सही कुठे करायची?"

"तुम्हाला नाही करता येणार," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला वाटा मिळत नाही."

"वाटा आइनिक्कीला द्या. त्याने ही कबुली लिहून दिलीय, तिला साक्षीदार मीच."

त्याप्रमाणे समभाग आइनिक्कीला. कलम चार कायम.

एस्पो, १४ नोव्हेंबर २०२४
(सही) ओइवा लेहतोला

साक्षीदार :
१. लेम्पी सारेला. व्यवसाय : वकील
२. साइमी तुओमाला. व्यवसाय : ~~चष्म्याच्या दुकानात~~ चिप बनवणारी