आग्नेय कोपऱ्यातला फाटा

१५ फेब्रुवारी २०१३, वसंत पंचमी

॥ श्री ॥

अखेर स्वतःच्या घरात पाऊल पडलं. गुलमंडीवर भाड्याच्या दोन खोल्यांत सगळा संसार झाला. लेक स्वरदा तिथंच वाढली, तिथूनच लग्न होऊन जर्मनीला गेली. ह्यांना रिटायर होताना मिळालं त्यातून शहराबाहेर सातारा परिसरात हे नवंकोरं रो-हाऊस. गच्चीवर गेलं की खंडोबाचं देऊळ दिसतं. पाण्याचं तेवढं विचारू नये. बोअर कोरडी गेली, आख्खी कॉलनी टँकरवर जगतेय. तरी आज मन भरून आलं.

वास्तुशांत यथासांग झाली. स्वयंपाकघरात आग्नेय कोपऱ्यात खड्डा करवून गुरुजींनी तांब्याच्या डबीत वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी ठेवली. सप्तधान्य, दहीभात, शेवाळ. शेवाळ मिळता मिळेना, विहिरी सगळ्या आटलेल्या. शेवटी ह्यांनी पैठणहून आणवलं. निघताना गुरुजी बजावून गेले की आता ह्या घरात तोंड सांभाळून बोला, वास्तू प्रत्येक बोलण्याला तथास्तु म्हणत असते, बरं-वाईट ती निवडत बसत नाही. आणि इथं फरशी बसली की पुन्हा उकरायची नाही. हे हसून म्हणाले, मग उमा, तू आता मौनच धर.

एक काम मी हुशारीनं करून घेतलं. गुरुजी गेले आणि टेलिफोनवाला बद्रीनाथ ब्रॉडबँडची तार ओढायला आला. भिंत फोडायची म्हणत होता. म्हटलं, फोडतोस कशाला, खड्डा उघडाच आहे, ह्यातूनच घे, एका सिमेंटात दोन कामं होतील. पुढंमागं स्वयंपाकघरात फोन घ्यायचा झाला तर असू दे म्हणून तारेचा एक जास्तीचा फाटाही काढून ठेवला. त्याचं वेटोळं डबीवरच ठेवलं आणि वर फरशी बसवली. हे म्हणाले, देवाच्या उरावर तार कशाला? म्हटलं, देवालाही कळू दे जगात काय चाललंय ते.

हे नेट स्वरूसाठी. तिची आधीची दोन गेली. आता पाचवा महिना चालू आहे, डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केलीय. आम्हाला तिकडं जाणं झेपणारं नाही. निदान रोज दिसेल तरी. हे एक मूल सुखरूप पदरात पडावं, बाकी देवाकडे काही मागणं नाही.

२१ फेब्रुवारी

स्वरू दिसते, पण तुकड्यातुकड्यानं. हनुवटी एकीकडे, डोळे दुसरीकडे. मधेच थिजते. शिवाय माझंच बोलणं मलाच परत ऐकू येतं, जरा उशिरानं.

कंपनीत फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलली. नेटचं यंत्र बंद करा, चालू करा, फोन आणि यंत्र दोन्ही काढा, त्या दोन्हींना जोडणारी पांढरी डबी बदला. सगळं केलं. जुना फोन काढून कपाटात ठेवला. नवीन वायर आणली, खर्च मांडला. जिथं तार घरात शिरते तिथंच, स्वयंपाकघरात, यंत्र नेऊन लावलं. फरक शून्य.

भांडी घासायला सरूबाई लागलीय. इथल्या सातारा गावचीच, धनगराची. मी यंत्राजवळ उदबत्ती लावली तर म्हणते कशी, बाई, आता ह्याला बी निवद दावता व्हय? तिचा मुलगा रामेश्वर आमच्या कॉलनीचा टँकर चालवतो. त्यामुळे आमचं पिंप आधी भरतो.

४ मार्च

बद्रीनाथ दोनदा बोलावल्यावर आला. पान खात खात कॉम्प्युटरवर लाईन तपासायचं एक पान उघडलं, त्यात आकडा भराभर वाढत होता. काकू, तुमच्या लाईनीत चुकाच चुका, म्हणाला. बोलणं इथून निघतं, निम्मं वाटेत फुटतं. कुठंतरी मोकळ्या टोकाचा फाटा असणार. बोलणं त्या टोकाला आपटतं आणि माघारी येतं, म्हणून तुम्हाला तुमचाच आवाज.

फाटा कुठं आहे ते मला ठाऊक होतं. त्यालाही आठवायला हवं होतं, पण त्यानं घरं काय थोडी केलीत? मी बोलले नाही. गुरुजींनी उकरू नका म्हटलंय, आणि त्या रंगाची फरशी आता मिळायची नाही. चालतंय तसं चालू दे.

१२ मार्च

आठवडा झाला, टँकर नाही. संध्याकाळी दिवाबत्ती करून स्वरूशी बोलले. सहज म्हणाले, बाई ग, एकदा दारात धो धो पाणी येऊ दे, पाय सोडून बसते त्यात. ती हसली. मग माझा आवाज परत आला, दारात धो धो पाणी येऊ दे. आणि त्याच्यामागं आणखी काहीतरी. एक शब्द. माझ्या आवाजात नव्हता. खरखर असेल.

१३ मार्च

सकाळी टँकर आला. आमच्या फाटकापुढं वळताना मागचं चाक ड्रेनेजच्या नव्या चरात गेलं आणि टँकर आडवा झाला. रामेश्वर खाली सापडला.

पाणी धो धो. आख्खी गल्ली धावली. भांडी घेऊन. मी खोटं लिहिणार नाही, इथं लिहून देवापासून काय लपवायचं. रामेश्वर ओरडत होता आणि लोक त्याच्या दोन्ही अंगांनी घागरी बुडवत होते. मीही दोन हंडे भरले. दुसरा लालसर निघाला, तो झाडांना घातला.

रामेश्वर गेला. सरूबाई दुपारी आली. रडली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, आलं ना बाई पाणी दारात? कामाला आता येणार नाय. मला विचारायचं होतं, तुला कसं कळलं मी काय बोलले ते. मग आठवलं, काल संध्याकाळी ती त्याच कोपऱ्यात भांडी लावत होती. जाताना म्हणाली, त्या फरशीखालून लई वेळा माणसाचा आवाज येतो. मला वाटायचं तुमचंच यंत्र बोलतंय.

२७ मार्च, धुळवड

फरशीला कान लावून पाहिला. काही नाही. मन चिंती ते वैरी न चिंती असं होऊ नये म्हणून पोथी वाचते.

आज स्वरूशी बोलताना ह्यांचा विषय निघाला. दिवसभर खुर्चीत बसून पेपर. पाहुणे आले तरी हलायचं नाही. मी वैतागून म्हणाले, एकदा बसले की बसले, हे काही आता उठायचे नाहीत बघ.

परत आलं ते. हे काही आता उठायचे नाहीत. आणि मग तो शब्द. ह्या वेळी स्पष्ट. मी तो इथं लिहीत नाही.

ह्यांना लगेच हात धरून उठवलं. हे चिडले, अग, चक्रम झालीस का? तरी अंगणात दोन फेऱ्या मारून आले. देवा, वाचवलंस.

२८ मार्च

पेपर वाचता वाचता पेपर खाली पडला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

डॉक्टर म्हणाले, आता उठण्याची आशा ठेवू नका.

४ एप्रिल

ह्यांना घरी आणलं. स्वयंपाकघराच्या दारासमोर पलंग टाकलाय, म्हणजे काम करता करता लक्ष राहतं. ह्यांचे डोळे सारखे त्या कोपऱ्याकडे.

स्वरूला ह्यांच्याबद्दल सांगितलं नाही. ह्या दिवसांत धक्का नको. यंत्र लावलं की मी फक्त हसते, मान हलवते. आई, बोलत का नाहीस, म्हणून ती रडकुंडीला येते. मी घशाकडे बोट दाखवते. गळा बसलाय. माझं तोंड मी शिवलं. पण तिचं?

६ एप्रिल

सातवा लागला म्हणून जावई मिहिर ह्यांनी तिकडच्या मैत्रिणी बोलावून डोहाळजेवण केलं. मी इथून पाठवलेली हिरवी साडी, हातभर हिरवा चुडा. किती देखणी दिसत होती माझी पोर! चित्र फुटत होतं तरी बांगड्यांचा आवाज नीट येत होता. आपल्याकडे विचारतात तसं मैत्रिणींनी विचारलं, काय खावंसं वाटतंय सांग. मी घाबरून हात हलवत राहिले, नको, नको. तिला दिसलं ते थिजलेलं चित्र, आई हातानं नको म्हणतेय एवढंच. रडायला लागली. म्हणाली, मला काही खायचं नाही. मला आईकडे जायचंय. आत्ता. कसंही करून आईच्या स्वयंपाकघरात जायचंय.

मी ओरडले. नको ग स्वरू, शब्द मागं घे! माझं ओरडणं वाटेतच फुटलं. तिचं मात्र आख्खं परत आलं. एकही तुकडा न गळता. आणि मग—

८ एप्रिल

स्वरू ठीक आहे. मोबाईलवर बोलली. ठीक आहे. पण काय खाल्लं तरी तोंडात मातीची चव येते म्हणे. अंगाला ओलाव्याचा वास येतो.

तो फाटाच नको. तो कापला की खाली काही पोचायचं नाही. बद्रीनाथला फोनवर विनवलं. उद्या येतो म्हणाला. गुरुजींना विचारलं नाही. ते उकरू नका म्हणतील.

९ एप्रिल

आला नाही. स्वरूचे पाय गार पडलेत. तिथं कोणी डॉक्टर—

फरशीखाली काहीतरी सरकतं. वर येतंय.

१० एप्रिल, अमावास्या

आला. फरशी फोडली. वेटोळं मातीत कुठल्या कुठं खोल गेलं होतं. ओढलं तर निघेना. म्हणाला, काकू, खालून कोणी धरलंय काय? आणि हसला. पक्कड लावून कापलं. मी उभी राहून खड्डा गच्च भरून घेतला, दुप्पट सिमेंट. एक फट ठेवू दिली नाही.

मग त्यानं ते पान उघडलं. चुका शून्य. कॉल लावून दिला आणि गेला.

चित्र आरशासारखं स्वच्छ. तिचं घर, टेबल, डोहाळजेवणाची वाळलेली फुलं. खुर्ची रिकामी. मिहिर बाथरूमचं दार फोडत होते. आई, ती पाणी प्यायला उठली, आत गेली, आतून कडी आहे. दार तुटलं. आत कोणी नाही. खिडकीसुद्धा नाही त्या खोलीला. फरशीवर नुसती ओली माती.

आणि इथं कोपऱ्यात, माझ्या पाठीशी—

बांगड्या.

११ एप्रिल, पाडवा

ती आली. मी वाट बुजवली. मीच. उभी राहून.

सिमेंट वाळलं. बत्त्यानं फोडतेय. उलथन्यानं, नखांनी. शेजारी विचारून गेले, पाडव्याच्या दिवशी हे काय काढलंत. सांगितलं, नळाचं काम.

हात सोलपटलेत. खालून आई म्हणते. पाणी मागते. फटीतून तांब्या ओतला. गटागट प्यायलेलं ऐकू आलं.

आता बांगड्या कमी वाजतात. मधे एकदा पुष्कळ फुटल्या.

आता बारीक रडू. तिचं नाही. तान्हं. सातव्यातच—

हे पलंगावरून बघताहेत. डोळ्यांनी नको नको म्हणताहेत.

बांगड्या थांबल्या. रडू एकटंच. हात आत जात नाही. मी फटीला तोंड लावून म्हणाले, रडू नको रे राजा, थांब, मीच येते तुझ्याजवळ.

तोंडातून गेलं. यंत्र बंद आहे, फाटा कापलाय, म्हटलं आता कुठं ऐकायला—

खालून लगेच